कॅटलन राष्ट्रवाद्यांना परदेशी चळवळींनी नेमके काय दिले? (१८९७ ते १९३१)

पैलतीर (धागालेखक)

मार्च १८९७मध्ये बार्सिलोनातील कॅटलनवादी संस्थांचे काही प्रतिनिधी तिथल्या ग्रीक वाणिज्यदूताकडे एक निवेदन घेऊन गेले. ते ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज याच्या नावे होते. तुर्की अमलाखालच्या क्रीट बेटावरील ग्रीकांची बाजू घेतल्याबद्दल राजाला धन्यवाद देणारा तो मजकूर एन्रिक प्रात दे ला रिबा या सव्वीस वर्षांच्या वकिलाने लिहिला होता. वरवर पाहता त्यात स्पेन सरकारला खुपण्यासारखे काही नव्हते. पण त्याच वेळी क्युबात स्पेनविरुद्धचे युद्ध पेटलेले होते, आणि लेकी बोले सुने लागे हा प्रकार माद्रिदला न कळण्याइतका अवघड नव्हता. कारवाई झाली, आणि ‘ला रेनाशेन्सा’ हे कॅटलन दैनिक काही काळ बंद पाडण्यात आले.

पुढची तीस-पस्तीस वर्षे हीच पद्धत चालू राहिलेली दिसते. कॅटलन नेते कधी हंगेरीकडे बोट दाखवतात, कधी आयर्लंडकडे, कधी चेकांकडे, कधी क्युबाकडे. माझा प्रश्न असा आहे की या सगळ्याला आपण ‘संबंध’ म्हणावे का? संबंध म्हटला की दोन्ही बाजूंनी काही तरी जावे-यावे लागते. माणसे, पैसा, शस्त्रे, निदान पत्रे तरी. माझे आजवरचे मत असे आहे की असे देणे-घेणे फार थोडे होते, आणि परदेशी उदाहरणांचा खरा उपयोग घरातल्या भांडणात होत होता. कोणता नेता कोणत्या देशाचे नाव घेतो यावरून त्याला स्पेनशी काय करायचे आहे ते कळत असे. जाणकारांनी हे खोडून काढावे अथवा पुढे न्यावे.

गोदाकाठ

विषय आवडला. माझ्यासारख्यांसाठी दोन ओळींची पार्श्वभूमी दिलीत तर पुढची चर्चा समजायला सोपे जाईल. कॅटलोनिया म्हटले की आमची गाडी फुटबॉलवर येऊन थांबते.

पैलतीर

थोडक्यात सांगतो. ११ सप्टेंबर १७१४ रोजी बार्सिलोना बूर्बाँ राजाच्या सैन्याच्या हाती पडले आणि त्यानंतर कॅटलोनियाच्या जुन्या राजकीय संस्था रद्द झाल्या. एकोणिसाव्या शतकात आधी भाषेचे आणि साहित्याचे पुनरुज्जीवन झाले, मग १८९२मध्ये मानरेसा गावी स्वायत्ततेचा पहिला ठोस आराखडा मांडला गेला. १८९८मध्ये स्पेनने क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपाइन्स गमावले, आणि तिथल्या हक्काच्या बाजारपेठेवर पोसलेल्या कॅटलन कापडगिरणीवाल्यांचा माद्रिदवरचा विश्वास उडाला. त्यातून १९०१मध्ये ‘ल्यिगा रेजियोनालिस्ता’ हा पक्ष उभा राहिला. प्रात दे ला रिबा हे त्याचे तत्त्वचिंतक आणि फ्रान्सेस्क काम्बो हे त्याचे संसदेतील धुरंधर.

निळी_शाई

ल्यिगाचे लाडके उदाहरण हंगेरी होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. १८६७च्या समझोत्याने हंगेरीला स्वतःची संसद आणि स्वतःचे सरकार मिळाले, पण सम्राट, परराष्ट्र धोरण आणि लष्कर ऑस्ट्रियाशी सामाईक राहिले. गिरणीमालकांच्या पक्षाला याहून सोयीचा नमुना कोणता मिळणार? कॅटलन कापडाचे मुख्य गिऱ्हाईक उरलेला स्पेन होता, आणि परदेशी मालावरचे चढे जकात-दर माद्रिदच ठरवत असे. त्यामुळे त्यांना दार बंद करून वेगळे राहायचे नव्हते. त्यांना घराच्या कारभारात बरोबरीचा वाटा हवा होता. प्रात यांच्या १९०६च्या ‘ला नासियोनालितात कातालाना’ या पुस्तकात कॅटलोनिया हे स्वतंत्र राष्ट्र आहे असे ठामपणे म्हटले आहे आणि शेवटी मात्र संपूर्ण इबेरियाचे नेतृत्व करण्याची स्वप्ने आहेत. आयर्लंडच्या आर्थर ग्रिफिथ यांनीही १९०४मध्ये हंगेरीचाच दाखला दिला होता, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

यातली विसंगती अशी की हंगेरीच्या आत स्लोव्हाक आणि रुमानियन लोकांवर हंगेरियन भाषा लादली जात होती. आपल्या भाषेसाठी लढणारे कॅटलन ज्याचा आदर्श ठेवत होते, तो देश दुसऱ्यांच्या भाषेच्या बाबतीत त्यांच्या माद्रिदसारखाच वागत होता.

अर्धविराम

काम्बोंच्या या दुहेरी स्वप्नावर स्पेनच्या संसदेतच एक अचूक टोला बसला होता. डिसेंबर १९१८मध्ये संसद-सदस्य अल्काला-सामोरा त्यांना म्हणाले की आपण एकाच वेळी कॅटलोनियाचे बोलिव्हार आणि स्पेनचे बिस्मार्क होऊ पाहता. एक साम्राज्य मोडणारा, दुसरा साम्राज्य बांधणारा. दोन्ही नावे परदेशीच, त्यामुळे हा विनोद धाग्याच्या विषयाला धरून आहे असे मानावे.

घाटमाथा

पैलतीर यांच्या व्याख्येत एक गोष्ट सुटते असे वाटते, ती म्हणजे वाचन. आंतोनी रोविरा इ विर्जिली या पत्रकाराने १९१२ ते १९१४ या काळात राष्ट्रवादी चळवळींचा इतिहास तीन खंडांत कॅटलन भाषेत लिहिला. तारागोनाचा हा माणूस ल्यिगाच्या श्रीमंती वर्तुळातला नव्हता. तो डाव्या, संघराज्यवादी परंपरेतला होता. युरोपातली राष्ट्रे कशी जागी होत आहेत हे त्याने सामान्य वाचकाला त्याच्या मातृभाषेत समजावून सांगितले. आपली कैफियत जगावेगळी नाही, तिच्या जातीच्या अनेक कैफियती आहेत आणि त्यांतल्या काही यशस्वीही झाल्या आहेत, ही जाणीव शस्त्रांच्या पेटीपेक्षा कमी मोलाची नसते. आपल्याकडे सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीचे चरित्र आणि लेखन मराठीत आणले, तेव्हा इटलीहून कोणी काही पाठवले नव्हते. तरी १९०७च्या त्या पुस्तकाचा परिणाम कोणी नाकारणार नाही.

उलटतपासणी

घाटमाथा यांचा मुद्दा आकर्षक आहे, पण त्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, प्रश्नच बदलतो. मॅझिनी वाचल्याने सावरकरांचा इटलीशी ‘संबंध’ जुळला असे आपण म्हणत नाही. परिणाम झाला असे म्हणतो. रोविरा यांच्या वाचकांचेही तसेच आहे. मी पुस्तके, सहानुभूतीच्या तारा आणि सभेतील ठराव एका पारड्यात टाकतो आणि विचारतो की दुसऱ्या पारड्यात काय आहे. कॅटलोनियासाठी कोणत्या परदेशी चळवळीने स्वतःचे काही पणाला लावले, त्याचे एक तरी उदाहरण द्यावे.

तळटीप

एका पारड्यात टाकण्याआधी लोझान पाहू या. १९१२मध्ये पॅरिसमध्ये ‘युनियन दे नासियोनालिते’ ही संस्था निघाली. फ्रेंच पत्रकार झाँ पेलिसिए आणि लिथुआनियाचे युओझास गाब्रिस हे तिचे सूत्रधार होते, आणि पॅरिसमध्ये राहणारे कॅटलन लेखक आल्फोन्स मासेरास यांचा तिच्या कामाशी संबंध होता. जून १९१६मध्ये या संस्थेची परिषद स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरली, आणि तिथे युरोपातील लहान-मोठ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींबरोबर कॅटलनही बसले होते. पत्रव्यवहार, मासिक, परिषद, प्रत्यक्ष भेटी हे सर्व त्यात आहे. हे पुरेसे दुहेरी नव्हे काय?

आता मीच माझ्या उदाहरणाला तळटीप जोडतो. गाब्रिस हे त्या सुमारास जर्मन परराष्ट्र खात्याच्या संपर्कात होते, आणि रशियाच्या अमलाखालील राष्ट्रांचा असंतोष जगापुढे यावा यात जर्मनीला रस होता. म्हणजे ज्या व्यासपीठावर दडपलेली राष्ट्रे एकमेकांना भेटत होती, त्यामागे एका महासत्तेचा हिशेब चालू होता. आणि त्याच वेळी कॅटलन तरुण फ्रान्सच्या परकीय पलटणीत जर्मनीविरुद्ध लढत होते!

निळी_शाई

त्या स्वयंसेवकांची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण उलटतपासणी यांना हवे असलेले ‘पणाला लावणे’ तिथे आहे, फक्त उलट दिशेने. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता. डॉक्टर जुआन सोले इ प्ला यांनी बार्सिलोनात समिती काढून फ्रान्ससाठी लढणाऱ्या कॅटलनांना पत्रे, कपडे आणि खाऊ पाठवण्याची व्यवस्था केली. युद्ध संपल्यावर ‘बारा हजार कॅटलन स्वयंसेवक’ हा आकडा सभांतून फिरू लागला. पुढच्या इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा तो हजाराच्या आसपास, किंबहुना त्याहूनही खाली आला. आकडा का फुगला हे उघड आहे. चेकांनी परदेशात स्वतःचे सैन्य उभारले, मासारिक यांनी दोस्तराष्ट्रांचे दरवाजे ठोठावले, आणि १९१८मध्ये त्यांच्या हाती एक देश आला. कॅटलनांनाही रक्ताची अशीच पावती दाखवायची होती.

पावती वटली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांची राष्ट्रांच्या हक्कांविषयीची चौदा कलमे ऐकून नोव्हेंबर १९१८मध्ये कॅटलोनियात स्वायत्ततेची मोठी मोहीम उठली, पॅरिसमध्ये कॅटलन राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि निवेदने तयार झाली. पण शांतता परिषद पराभूत साम्राज्यांची वाटणी करायला बसली होती. तटस्थ स्पेनची घरगुती तक्रार ऐकणे तिच्या कामात बसत नव्हते. स्पेनचे पंतप्रधान रोमानोनेस मात्र डिसेंबरमध्ये पॅरिसला जाऊन विल्सन यांना स्वतः भेटून आले. फेब्रुवारी १९१९मध्ये बार्सिलोनाला वीज पुरवणाऱ्या, लोकांच्या तोंडी ‘ला कानादेन्का’ असलेल्या कंपनीत संप झाला, शहर अंधारात गेले, आणि गिरणीमालकांना स्वायत्ततेपेक्षा माद्रिदचे शिपाई अधिक जवळचे वाटू लागले.

गोदाकाठ

हे वाचताना लोकमान्यांची आठवण झाली. १९१९मध्ये ते लंडनमध्ये होते, पॅरिसला जाण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. म्हणजे एकाच बंद दारावर टिळकही होते आणि कॅटलनही होते, एकमेकांना न ओळखता.

उलटतपासणी

गोदाकाठ, ‘एकमेकांना न ओळखता’ या शब्दांत आपण माझी बाजू माझ्यापेक्षा नेमकेपणाने मांडली आहे. आभारी आहे.

सागरगोटा

कामानिमित्त मी तीन वर्षे बार्सिलोनात राहिलो आहे, आणि माझ्या खिडकीसमोरच्या सज्जात एका आजींनी वर्षभर झेंडा टांगून ठेवला होता: पिवळ्या-तांबड्या पट्ट्या, एका बाजूला निळा त्रिकोण आणि त्यात पांढरी चांदणी. त्याला ‘एस्तेलादा’ म्हणतात. पट्टे जुने कॅटलन आहेत, पण त्रिकोण आणि चांदणी क्युबा व पोर्तो रिकोच्या झेंड्यांवरून घेतलेली आहे. विसेन्स आल्बेर्त बाल्येस्तेर या क्युबात राहून आलेल्या माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी तो तयार केला. आयर्लंड आणि हंगेरीवर इतके लिहिले जाते, पण आज रस्त्यावर दिसणारी एकमेव परदेशी खूण कॅरिबियन समुद्रातली आहे. आजींना मी हे विचारले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि झेंडा उन्हाने विटतो म्हणून पुढच्या महिन्यात नवा आणणार असल्याचे सांगितले.

अर्धविराम

सागरगोटा यांचा झेंडा सुंदर आहे, परंतु त्याची दुसरी बाजू विसरू नये. १८६९मध्ये क्युबातील बंड मोडण्यासाठी बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळाने कॅटलन स्वयंसेवकांच्या तुकड्या भरून पाठवल्या होत्या. तिथल्या व्यापारात कॅटलन घराण्यांचे हात खोलवर गुंतलेले होते. गुलामांच्या व्यापाराशी ज्याचे नाव जोडले गेले त्या आंतोनियो लोपेस याचा पुतळा बार्सिलोनाने २०१८पर्यंत जपला होता. ज्यांच्या वडिलांनी क्युबा दाबून ठेवण्यासाठी पैसा दिला, त्यांच्या मुलांनी क्युबाची चांदणी उचलली. मी याला ढोंग म्हणणार नाही, कारण माणसे वेगळी होती आणि वर्गही वेगळा होता. पण मैत्रीचा इतिहास म्हणून तो सांगितला गेला तर मी हात वर करीन.

घाटमाथा

वर्गाचा मुद्दा आयर्लंडच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसतो. हंगेरी मालकांची होती, तर आयर्लंड दुकानांतील आणि कचेऱ्यांतील कारकुनांचे. बार्सिलोनात १९०३पासून व्यापारी नोकरवर्गाची एक मोठी संघटना होती, तिच्या आद्याक्षरांवरून ‘कादसी’ म्हणून ओळखली जाणारी. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांचे उपोषण करून २५ ऑक्टोबर १९२० रोजी प्राण सोडले, तेव्हा या संघटनेने त्यांच्यासाठी श्रद्धांजलीचे कार्यक्रम केले. डब्लिनमधील १९१६च्या ब्रिटिशविरोधी ईस्टर उठावाने या तरुणांना जे शिकवले ते काम्बोंच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते: मूठभर माणसे हरली तरी हरण्यातून राष्ट्र उभे राहू शकते. फ्रान्सेस्क मासिया यांनी १९२२मध्ये ‘एस्तात काताला’ ही संघटना काढली ती याच हवेत. हे गृहस्थ मूळचे स्पॅनिश लष्करातील अभियंता अधिकारी. १९०५मध्ये अधिकाऱ्यांनी एका कॅटलन विनोदी साप्ताहिकाची कचेरी फोडली, त्या प्रकरणानंतर ते लष्करातून बाहेर पडले आणि साठी ओलांडल्यावर बंडखोर झाले.

तळटीप

घाटमाथा यांना भाषेची एक गंमत जोडून देतो. कॅटलन स्वातंत्र्यवादी दानिएल कार्दोना यांनी १९३१मध्ये आयर्लंडच्या ‘शिन फेन’ या स्वातंत्र्यवादी पक्षावरून आपल्या गटाचे नाव ‘नोसाल्त्रेस सोल्स’ असे ठेवले. मूळ आयरिश शब्दांचा अर्थ केवळ ‘आम्ही स्वतः’ असा आहे. ‘आम्ही एकटेच’ हे रूप इंग्रजीत रूढ झाले, आणि कॅटलन नावातला ‘सोल्स’ म्हणजे नेमके तेच ‘एकटे’. इंग्रजांशी लढणाऱ्या चळवळीचे नाव त्यांनी बहुधा इंग्रजी भाषांतरातून उचलले. उलटतपासणी यांना हा पुरावा भेट देतो, आणि तरीही मी त्यांच्या बाजूचा नाही.

निळी_शाई

मासियांवर येऊ या, कारण पैलतीर यांच्या प्रश्नाची खरी परीक्षा तिथे आहे. सप्टेंबर १९२३मध्ये स्पेनमध्ये जनरल प्रिमो दे रिवेरा यांनी सत्ता बळकावली आणि मासिया फ्रान्समध्ये परागंदा झाले. कॅटलोनिया सशस्त्र मार्गाने मुक्त करायचा तर पैसा हवा, म्हणून १९२५मध्ये त्यांनी सतराव्या शतकातील नेते पाउ क्लारिस यांच्या नावाने कर्जरोखे काढले, जे परदेशातील कॅटलनांनी विकत घेतले. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. तिथे कॅटलन कम्युनिस्ट आंद्रेउ निन यांनी दुभाष्याचे काम केले, झिनोव्हिएव्ह आणि बुखारिन या सोव्हिएत नेत्यांशी बोलणी झाली, आश्वासने मिळाली, आणि हातात काही पडले नाही. हा धर्मनिष्ठ निवृत्त अधिकारी जागतिक क्रांतीच्या मुख्यालयात बसून मदत मागतो आहे, हे दृश्य मला नेहमी करुण आणि धाडसी असे दोन्ही वाटते.

मग नोव्हेंबर १९२६. सीमेजवळच्या प्रात्स दे मोल्यो या गावावरून कॅटलोनियात शिरायचा बेत होता. शंभराहून अधिक माणसे जमली, त्यांत इटलीचे फॅसिस्टविरोधी परागंदाही होते. त्यांना जोडून देणाऱ्यांत प्रमुख होता रिच्चोत्ती गारिबाल्दी, साक्षात जुझेप्पे गारिबाल्दीचा नातू. उलटतपासणी, आपण विचारले होते ना, परदेशी माणसांनी कॅटलोनियासाठी काही पणाला लावले का? हे इटालियन लावायला निघाले होते. पण नातू मुसोलिनीच्या पोलिसांकडून पैसे घेत होता. फ्रेंच पोलिसांनी सीमा ओलांडण्याआधीच सर्वांना उचलले.

गोदाकाठ

गारिबाल्दीचा नातू! ज्या आडनावावर अर्ध्या युरोपच्या देशभक्तांनी शपथा घेतल्या, त्याच आडनावाने विकले. यावर विनोद करायला आलो होतो, जमत नाही.

सागरगोटा

पुढचे मात्र मजेशीर आहे. जानेवारी १९२७मध्ये पॅरिसमध्ये खटला चालला. आँरी तोरेस या नामांकित वकिलाने बचाव केला, मासियांना दोन महिन्यांची शिक्षा झाली जी आधीच भोगून झाली होती, आणि त्यांची रवानगी बेल्जियमला झाली. पण त्या काही दिवसांत युरोपच्या वर्तमानपत्रांना पांढऱ्या मिशांचा एक सभ्य, ताठ वृद्ध आणि त्याचा ‘कॅटलोनिया’ नावाचा देश ठाऊक झाला. परिषदांनी आणि निवेदनांनी जे साधले नाही ते फसलेल्या मोहिमेने साधले. तिथून ते दक्षिण अमेरिकेला आणि १९२८मध्ये हवानाला गेले, जिथे स्थायिक कॅटलनांच्या सभेने कॅटलन प्रजासत्ताकाची हंगामी राज्यघटना मंजूर केली. एस्तेलादा हाच तिचा अधिकृत झेंडा.

पैलतीर

सर्व प्रतिसाद पुन्हा वाचले आणि माझे मत एका बाजूने हलले आहे. मी ‘परदेशी चळवळी’ आणि ‘परदेश’ यांत गल्लत करीत होतो. चळवळींकडून आले ते बहुतेक शब्द, नावे आणि उदाहरणे. तिथे मी उलटतपासणी यांच्याबरोबरच आहे. पण पैसा, झेंडा आणि राज्यघटना हवाना, सांतियागो दे क्युबा आणि ब्युनोस आयरेसमधून आली, आणि ती पाठवणारी माणसे कॅटलनच होती. घर सोडून गेलेल्यांना घर अधिक स्वतंत्र हवे असते, हा अनुभव परदेशस्थ मराठी सभासदांना नवा नसावा.

हंगेरी मात्र १९१८नंतर कोणाच्याच तोंडी राहिली नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच उरले नाही तर दाखला कशाचा देणार?

उलटतपासणी

पैलतीर यांनी दिलेली अर्धी सहमती मी पूर्ण सहमती म्हणून नोंदवून घेतो. त्या बदल्यात एक सूट देतो: ते इटालियन तरुण फसवले गेले असले तरी आले होते, हे मी मान्य करतो.

अर्धविराम

फ्रान्सबद्दल कोणी का बोलले नाही? मे १९२०मध्ये मार्शल जोफ्र बार्सिलोनाच्या काव्यस्पर्धेच्या उत्सवाला, ‘जोक्स फ्लोराल्स’ला, पाहुणे म्हणून आले. रिव्हसाल्त गावचा हा सेनापती जन्माने कॅटलनभाषक होता, आणि लोकांनी त्याला आपल्या राष्ट्राचा विजयी सेनापती म्हणून डोक्यावर घेतले. ज्या फ्रान्सचा तो मार्शल होता, त्या फ्रान्सच्या शाळांत त्याच्या गावची कॅटलन भाषा शिकवली जात नव्हती.

तळटीप

मूळ प्रश्नाच्या शेवटच्या वर्षाकडे कोणी गेले नाही, म्हणून जातो. १४ एप्रिल १९३१ रोजी, म्हणजे स्पेनमध्ये राजेशाही कोसळली त्याच दिवशी, मासियांनी बार्सिलोनात कॅटलन प्रजासत्ताक घोषित केले, पण इबेरियन संघराज्याचा घटक म्हणून. मॉस्को, हवाना, डब्लिन यांपैकी कोणाच्याही मान्यतेची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि कोणी ती देऊही केली नाही. १७ एप्रिलला माद्रिदहून तीन मंत्री विमानाने आले: मार्सेलिनो दोमिंगो, निकोलाउ द’ओल्वेर आणि फेर्नांदो दे लोस रियोस. त्यांतले पहिले दोघे स्वतः कॅटलन. द’ओल्वेर यांचा पक्ष तर ११ सप्टेंबर १९२३ रोजी बास्क आणि गालिसियन राष्ट्रवाद्यांशी झालेल्या त्रिपक्षीय करारातला भागीदार होता, जो करार दोनच दिवसांत लष्करी उठावाने निकामी झाला. बोलणी एका दिवसात आटोपली. प्रजासत्ताकाचे नाव मागे घेतले गेले, त्या जागी ‘जेनेरालितात’ हे मध्ययुगीन संस्थेचे नाव आले, आणि स्वायत्ततेचा कायदा १९३२मध्ये मिळाला. पस्तीस वर्षे साऱ्या युरोपची उदाहरणे गोळा केल्यावर तडजोडीसाठी जे नाव सापडले ते घरच्याच माळ्यावर होते.